येसूने लावलेली आग आणि पाखरांनी पेरलेलं रान

एक होती येसू. डोंगराच्या पायथ्याशी तिचं गाव. गावाची एक रीत होती, बरं का. गुरांना कोवळं गवत मिळावं म्हणून उन्हाळ्यात डोंगरावरचं वाळकं गवत पेटवायचं. येसूनंही आपल्या गाईसाठी काडी लावली, आणि वारा फिरला की हो! तीन दिवस डोंगर जळत होता. झाडं गेली, मागोमाग झराही आटला.

राजा म्हणाला, "सात वर्षांत झरा वाहिला नाही, तर गाव उठवा."

येसू ढसाढसा रडली. "माझ्या एका काडीपायी गं बाई!"

मग तिने राजाच्या बागेतली फुलझाडं आणून लावली. डोंगराने अंग झटकलं, सगळी खाली! मग राजाने परदेशी झाडं पाठवली. डोंगर म्हणाला, "ही माझी नव्हेत." तीही खाली! हसतोस काय रे दिन्या, तेव्हा डोंगर बोलायचे.

"मग तुझी कुठली रे बाबा?"

"जांभूळ, उंबर, भोकर."

ती उरली होती फक्त देवराईत. आणि देवीच्या राईतून माणसाने वाळकं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही. येसूने देवीला तीनदा कौल लावला. तिन्ही वेळा फूल डावीकडे पडलं. नाही म्हणजे नाही!

येसू राईच्या कडेला हताश बसली. तेवढ्यात एक बुलबुल आला, उंबर खाल्लं आणि खुशाल बाहेर उडाला. पाखराला कोण अडवणार?

मग येसूने जळक्या डोंगरावर काठ्या रोवल्या. काठीखाली वाडग्यात पाणी ठेवलं. पाखरं यायची, पाणी प्यायची, काठीवर बसायची, आणि काय करायची? हां, शिटायची! श्शी काय त्यात? त्यातच तर बी होतं.

रोज नदीवर घागर भरायची, डोंगर चढायची. केस पांढरे झाले, गुडघे धरले. रान डोक्याएवढं झालं, झरा मात्र कोरडाच.

सातवं वर्ष संपायला तीन दिवस उरले. येसू वर आली, तर एकही पाखरू नाही. वाडग्यांत कालचं पाणी तसंच.

"रुसलात का रे माझ्यावर?"

मग जांभळीच्या आडून किलबिल ऐकू आली. जाऊन बघते तर काय, सगळी पाखरं झऱ्यात आंघोळ करत होती! येसूने डोक्यावरची घागर खाली ठेवली आणि पोटभर रडली.

गाव राहिलं, सगळे सुखाने नांदले. चला, मिटा डोळे. दिन्या, तूसुद्धा.