उत्पलेचा निळीचा रांजण

पूर्वी चंपकपुरात धर्मकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका आचार्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव सुजात.

राजाने ठरवले, यापुढे कोणत्याही कामावर माणूस ठेवायचा तो बुद्धी पारखूनच. आचारी असो की वैद्य, जुना असो की नवा, सर्वांना तीच वीस कोडी. उत्पला नावाची रंगारीण तीस वर्षे राजवस्त्रे निळीत रंगवीत होती. तिला एकही सुटले नाही. सुजाताने वीसही सोडवली. रंगशाळा त्याच्याकडे आली आणि उत्पला नदीपलीकडे लेकीकडे गेली.

निळीचा रांजण आंबवून जिवंत ठेवावा लागतो. हा तर उत्पलेच्या आईने लावलेला, कधीच रिता न झालेला. सुजाताने ग्रंथ वाचून चुना घातला. हळूहळू फेस मेला. वस्त्रे राखेच्या रंगाची निघू लागली.

राजा म्हणाला, "ओतून टाक. नवा लाव. पद तुझेच आहे."

सुजाताला रांजण ओतवेना. तो नदी ओलांडून गेला. अंगणात शेंगा सोलणाऱ्या उत्पलेने त्याच्या वस्त्राचा वास घेतला.

"चुना फार झालाय," ती म्हणाली. मग हळूच विचारले, "सकाळी फेस येतो का रे?"

"नाही, मावशी."

ती नदीपलीकडे पाहत राहिली. "अजून पहाटे हात ढवळायची काठी शोधतात. लेक म्हणते, विसर. कसं विसरू?"

"काय घालायचं ते सांगा, मी लिहून घेतो."

"लिहून देता आलं असतं तर तीस वर्षं कशाला लागली असती? वास घ्यावा लागतो, बाळा."

सुजात राजाकडे गेला. "महाराज, मला कोडी सुटतात. रांजण कळत नाही. उत्पलेला बोलवा."

"पद सोडलंस तर पुन्हा मिळणार नाही."

"न मिळो."

उत्पला आली. रांजणावर वाकून तिने डोळे मिटले, आणि रडली. मग गुळाचे पाणी घातले, भोवती गोणपाट गुंडाळले. नवव्या दिवशी फेस आला.

तरी पूर्वीचा रंग पुरता परतला नाही. प्रत्येक वस्त्र उन्हात धरून ती म्हणे, "आईच्या हातचा निळा असा नव्हता." शेजारी सुजात रांजण ढवळीत असे. तो वास ओळखता यावा, एवढीच त्याला आयुष्यभर आस राहिली; तो थोडासाच ओळखता आला.

कथा संपवून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आज या विहाराला जमीन देणारा श्रेष्ठी. उत्पला म्हणजे तुमची चीवरे रंगवणारी वृद्ध भिक्षुणी. सुजात मीच होतो. आपली जाण कुठे संपते ते ओळखून दुसऱ्याचे काम त्याला परत देणे, ही त्या जन्मीची प्रज्ञा."