सभेतली जागा

"गुलामांची डोकी मोजून गोऱ्या मळेवाल्यांनी सभेत जागा मागितल्या. आम्हाला मात्र एकही द्यायची नाही म्हणतात. हा न्याय झाला का, फादर?"

क्रांतीचं पहिलंच वर्ष होतं. समुद्रापारच्या वसाहतींच्या वतीने पॅरिसच्या राष्ट्रसभेत कुणी बसायचं, यावर रोज भांडणं चालली होती. विचारणारा ल्युबँ तिथल्याच एका बेटावरचा. बाप गोरा, आई काळी. तो स्वतः स्वतंत्र, शिकलेला, कॉफीच्या मळ्याचा मालक. उद्या सभेपुढे आपल्यासारख्यांची बाजू तोच मांडणार होता.

त्याचे जुने शिक्षक, फादर आंब्र्वाझ, गुलामीविरुद्ध पत्रकं लिहून म्हातारे झाले होते. त्यांनी त्याचं उद्याचं भाषण शेवटपर्यंत ऐकलं.

"न्याय नाही झाला," ते म्हणाले. "पण तू कुणाच्या वतीने बोलणार?"

"बेटाच्या."

फादर उठले. दाराशी झबेत उभी होती. ल्युबँला लहानाचं मोठं करणारी, त्याच्याच मळ्यावरची गुलाम, पॅरिसला त्याने सोबत आणलेली. फादरांनी आपली खुर्ची तिच्यापुढे नेऊन ठेवली.

"बसा, बाई."

ती बसली नाही. तिने ल्युबँकडे पाहिलं.

"बस," तो म्हणाला. मग ती बसली, अगदी कडेवर.

"बाई, हे उद्या तुमच्या बेटाच्या वतीने बोलणार आहेत. यांनी तिथे काय सांगावं?"

झबेत म्हणाली,

"माझी मुलगी कुठे विकली, तेवढं विचारावं धन्यांनी."

ल्युबँची मान खाली गेली. मुलगी कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं. विक्रीच्या कागदावर सही त्याचीच होती. त्यानंतर तीन वर्षं हीच बाई रोज त्याला जेवायला वाढत होती, आणि तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"बेटाच्या उत्तरेला," तो कसाबसा म्हणाला. "उसाच्या मळ्यावर."

झबेतने डोळे मिटले. उसाच्या मळ्यावर माणसं किती दिवस टिकतात, हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं.

...

"फादर, उद्या मी गुलामीचं नाव काढलं, तर आम्हाला सभेच्या दारातही उभं करणार नाहीत. आधी जागा मिळू दे. मग यांच्यासाठी बोलेन. शब्द देतो."

"बोलशील. मला ठाऊक आहे."

ल्युबँने सुटकेचा श्वास सोडला, कागद गोळा केले.

"चल, झबेत."

ती लगेच उठली.

फादर म्हणाले, "सभेनेही तुला असाच शब्द दिला, तर किती दिवस थांबशील?"