एका साळुंकीवरून भिंत

त्या राज्यात एकच भिंत होती आणि भिंतीत जेवढे कोनाडे तेवढ्याच साळुंक्या होत्या. कोनाड्यात जागा दोघींपुरती असे, पण दोघी एकत्र आल्या की पिसं उपटेपर्यंत भांडण जुंपे. म्हणून जी ती आपापल्या कोनाड्यात बसून राही. शेजारीण उठली की आपण तिच्या जागी जाऊ, असं प्रत्येकीच्या मनात असे, आणि शेजारीणही त्याच आशेवर बसलेली असे.

बायजा नावाच्या साळुंकीची थोरली बहीण ठकू तिच्यापासून तिसऱ्या कोनाड्यात होती. दोघींची गाठ पडून किती ऋतू लोटले, हे मोजणं बायजाने कधीच सोडलं होतं. भांडण झालं तर झालं, पण एकदा तिच्याशेजारी बसायचं, एवढंच तिला हवं होतं.

राजाला ही शांतता खटकली. या सुखाने बसल्यात की अडकून? सुखाने बसल्या असतील तर कोनाड्यांची तोंडं लिंपून टाकावीत, वारा तरी लागणार नाही, असं त्या दयाळू राजाला वाटलं. उत्तर शोधायचं काम दरबारचे गणिती धवलशास्त्री, म्हणजे एक बगळा, यांच्याकडे आलं.

शास्त्रीबुवांनी आधी सरासरी काढली. सरासरी साळुंकीला शेजारणीचा त्रासही सरासरीच, तेव्हा ती खुशाल उडत असणार! कागदावर सगळं राज्य उडत होतं आणि भिंतीवर पीस हलत नव्हतं. राजा इतका हसला की शास्त्रीबुवांना दोन दिवस मासा गोड लागला नाही.

मग त्यांनी नवी रीत काढली. साळुंकी एकच खरी घ्यायची; बाकी सगळ्यांच्या जागी त्यांचा नुसता आवाज ठेवायचा. दूरच्या खडकात एक कोनाडा खोदला, त्याला मागून भोक पाडलं, भोकापलीकडे नकला करण्यात पटाईत असे दोन कोतवाल पक्षी बसवले, आणि बायजाला उचलून आणलं.

"मलाच का, शास्त्रीबुवा?"

"कोणीही चाललं असतं, बायजाबाई. सगळ्या सारख्याच."

हे त्यांनी अगदी मायेने सांगितलं. लिंपण्याचं मात्र सांगितलं नाही. सांगितलं की उत्तर बिघडतं.

पहिल्या दिवशी कोतवालांनी जुन्या कागदातली फडफड ऐकवली. सगळ्या उडताहेत! बायजा हरखून उडाली, पण कोणी येऊन आपल्याच कोनाड्यात घुसलं तर, या धास्तीने लगेच परतली. शास्त्रीबुवांनी ते टिपलं. दुसऱ्या दिवशी कोतवालांनी तेवढीच, बिचकती फडफड केली. ती ऐकून बायजाला वाटलं, शेजारणी उठतच नाहीत, म्हणजे जागा नाही. ती पंख उघडून बसून राहिली. तिसऱ्या दिवशी भोकातून पंख उघडल्याचा आवाज तेवढा आला.

पंधराव्या दिवशी काहीच आलं नाही. बायजाने भोकाशी चोच नेली. "ठकूअक्का, आहेस का गं?"

थोड्या वेळाने तिच्याच आवाजात आलं, "ठकूअक्का, आहेस का गं?"

इतकं एकटं तिला भिंतीत कधी वाटलं नव्हतं. ती रडू लागली. पलीकडे कोतवालही रडू लागले.

"जुळलं! भोकाच्या दोन्ही बाजूंना एकच आवाज!" शास्त्रीबुवा ओरडले. कोणालाच हलायचं नाही, हे उत्तर घेऊन ते दरबारात गेले. भिंतीकडे पाहावं असं कोणालाच सुचलं नाही. उत्तर तर हातात होतं. संध्याकाळी साळुंक्या टेकल्या तशा कुंभारमाश्या चिखल घेऊन निघाल्या. त्यांचं काम आटोपल्यावर बायजाला सोडण्यात आलं.

ती भिंतीपाशी आली तेव्हा लिंपण वाळलं होतं. दाण्यापुरतं एकेक छिद्र उरलं होतं. तिसऱ्या कोनाड्याशी तिने हाक मारली, तर आतून भलतीच साळुंकी बोलली.

"ठकू इथं नाही गं. तू गेलीस, तुझी जागा रिकामी झाली, आणि एकीमागून एक सगळी भिंत सरकली. पंधरा दिवस नुसती ये-जा चालली होती."

बायजा धडपडत आपल्या कोनाड्याशी आली.

"आलीस का गं बायजे?" आतून ठकू म्हणाली. "तुझीच वाट बघत होते. ये, कडेला सरकून बसलेय मी."

बायजाने छिद्रात चोच घातली. चोच तेवढी आत गेली.