हिरडखिंडीतली अंगडी

हिरडखिंड चढून वर आलात की कातळाचा मोठा सडा, म्हणजे उघडे सपाट पठार, लागतो. त्यावर कमरेएवढे धोंडे उभे आहेत आणि प्रत्येक धोंड्याच्या अंगात लोकरीचे अंगडे आहे. तान्ह्या बाळाला घालतात तसेच, फक्त बाह्या नाहीत. पाहुणे फोटो काढतात आणि मग मला हमखास विचारतात की या रंगांचा अर्थ काय. पिवळ्यावर जांभळा, त्यावर पोपटी, मधेच एक राखाडी रांग. मी आयुष्यभर महाविद्यालयात भूगोल शिकवला, निवृत्तीनंतर इथे राहायला आलो, आणि पहिली काही वर्षे या रंगांत क्रम शोधत होतो. दिशांचा असेल, ऋतूंचा असेल, घराण्यांचा असेल. एकही बसला नाही. अर्थ नसावा असाच त्यांचा अर्थ आहे, असे इथल्या बायका सांगतात. ते मला पटायला फार वेळ लागला, आणि अजून पुरते पटले आहे की नाही, सांगता येत नाही.

गोष्ट मी दोन्ही गावांतून ऐकली आहे. खिंडीच्या वर दांडवाडी, खाली कोंडशेत. दोन्हीकडचे तपशील जुळत नाहीत. जिथे जुळत नाहीत तिथे मी तसे सांगेन. माझे काही चुकले तर इथे चहा देणाऱ्या बाई दुरुस्त करतीलच; त्या दांडवाडीच्या आहेत, हे मात्र लक्षात असू द्या.

पूर्वी दांडवाडीच्या पलीकडे क्षयरोग्यांचे इस्पितळ होते. तिथल्या एका परिचारिकेने गावच्या बायकांना दोन सुयांवरचे विणकाम शिकवले, असे सांगतात. सुया म्हणजे मोडक्या छत्र्यांच्या काड्या. लोकर म्हणजे रोगी मागे ठेवून जात ते स्वेटर आणि गळपट्टे. ते राखेच्या पाण्यात उकळायचे, उसवायचे आणि पुन्हा विणायचे. दांडवाडीच्या मुली लग्न होऊन कोंडशेतात गेल्या, तसे विणकामही खाली उतरले.

सड्यावर धोंड्यांच्या दोन ओळी आहेत. एक वाटेच्या कडेने जाते, दुसरी थेट कड्याच्या ओठावरून. कातळावर पाऊलवाट उमटत नाही. धुके उतरले की दोन्ही ओळी सारख्याच दिसतात. एका श्रावणात दूध घेऊन येणारा एक गडी चुकीच्या ओळीने चालत गेला आणि दरीत पडला. त्यानंतर दोन बायकांनी ठरवले की धोंड्यांना रंगीत अंगडी घालायची, म्हणजे धुक्यातही वाट कळेल. त्या दोघी एकमेकींच्या विहिणी होत्या. खालच्या भिमाक्काची मुलगी तानू वरच्या येसाबाईच्या घरात दिलेली होती. दोघींचे पटत नसे. पण विणकामात एक वरचढ असेल तर दुसरी तिच्याहून वरचढ, एवढे दोन्ही गावांना मान्य होते.

सड्याच्या मधोमध कारवीचे दाट रान आहे. त्याच्या खालचे धोंडे कोंडशेताने सजवायचे, वरचे दांडवाडीने, असे ठरले. कोणता रंग कुठे, हे कुणी बोललेच नाही. कुणीतरी विचारले तेव्हा भिमाक्का म्हणाली म्हणे, "त्यात काय ठरवायचं? लाल म्हंजे काय, ते शेंबड्या पोरालाबी कळतं." येसाबाईही तिकडे हेच म्हणाली.

भिमाक्काला लाल म्हणजे कुंकू. तिने वाटेच्या धोंड्यांना लाल घातले आणि कड्याच्या धोंड्यांना हिरवे. येसाबाई इस्पितळात झाडलोट करी. तिथे आत जायची मनाई असलेल्या दारावर लाल फडके असे. तिने कड्याच्या धोंड्यांना लाल घातले, वाटेच्यांना हिरवे. अगदी उलटे. (मीही सांगण्याआधी दर वेळी हे मनात एकदा तपासून घेतो.) हवा स्वच्छ होती तोवर रंगांकडे बघायची कुणाला गरज नव्हती, आणि कारवीमुळे एकीचे काम दुसरीला दिसले नाही.

मग धुके उतरले. तानू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी कोंडशेतात आली होती. वेणा सुरू झाल्या आणि अडल्या. सुईण म्हणाली, माझ्या हातचं काम नाही, वर इस्पितळात न्या. सकाळीच चौघांनी डोली उचलली. भिमाक्का पुढे, एकेका लाल धोंड्याला हात लावत. वर येसाबाईला निरोप गेला होता. ती सड्याच्या टोकाला वाट बघत उभी होती.

कारवी संपली आणि भिमाक्काला पुन्हा लाल अंगडे दिसले. तिने वळण घेतले, डोली मागोमाग वळली. दोन धोंडे गेले. तिसऱ्याला हात लागताच ती थबकली.

विणलेल्या कापडाला दोन बाजू असतात. सुलट बाजू गुळगुळीत, उलट बाजूवर बारीक दाणे. अंगडे घालताना सुलट बाजू बाहेर हवी. पण येसाबाईला कड्याचे भय वाटे. तिने अंगडी लांबूनच हात पुढे करून धोंड्यांवर ओढली होती, आणि घाईत काढलेला मोजा उलटतो तसे ते तिसरे अंगडे उलटले होते. पलीकडे जाऊन नीट करायचा धीर तिला झाला नव्हता.

"थांबा रे," भिमाक्का म्हणाली. "ह्या बाईनं अंगडं उलटं घातलंय."

"आक्का, पोरगी जीवानं चाललीय, आणि तुला अंगड्याची पडलीय?" डोलीवाला ओरडला.

"दोन घटका न्हाई लागत. असं उघडंवाघडं बघून पुढं जाऊ व्हय मी?"

ती गुडघ्यावर बसली, अंगडे सोडवायला लागली, आणि पलीकडची कड धरण्यासाठी तिने एक पाय धोंड्याच्या मागे टाकला. पायाखाली काही नव्हते. एक खडा सुटला. सगळे आवाजाची वाट पाहत राहिले. आवाज फार उशिरा आला.

दोन्ही बाजूंना धुके, समोर लाल, आणि लाल तर वाटेचा. भिमाक्का घाबरली असे कोंडशेतात सांगत नाहीत. ती संतापली असे सांगतात. ती तशीच धोंड्याला धरून ओरडली, "ओ विहीणबाई! अंगडं घालता येत न्हाई तर सुया कशाला धरता हातात?"

धुक्यातून उत्तर आले. "कोण ते? माझ्या विणकामाला नावं ठेवायला एवढी खिंड चढून आलात व्हय?"

आवाज पुढून आला नाही. पार डावीकडून आला.

"पर लाल तर इकडं हाय, आक्का," डोलीवाला म्हणाला. जन्मभर जो रंग कपाळावर लावला तो खोटा बोलेल, हे भिमाक्काच्या मनात मावेना. डोलीत तानू कण्हली. तेव्हा भिमाक्का म्हणाली, "लाल ऱ्हाऊ द्या. ती बाई बोलती तिकडं चला."

पण बोलत राहा असे विहिणीला सांगणार कशी? सांगितले असते तर येसाबाईने तोंड मिटून घेतले असते. म्हणून भिमाक्काने पुढचे काढले. "तुमच्या घरची पुरणपोळी! तिच्यातनं पलीकडचा माणूस दिसतो!"

"आन् तुम्ही दिलेलं लुगडं? पहिल्या धुण्यात पाणी रंगलं, लुगडं पांढरं झालं!"

एक बोलायची, दुसरी उत्तर द्यायची, आणि डोली एकेका टोमण्यावर पाऊल ठेवत सडा ओलांडून गेली. तानू त्या वेळी रडत होती असे दांडवाडीत म्हणतात. कोंडशेतात म्हणतात, हसत होती. इस्पितळाच्या ओसरीवर तिला मुलगी झाली आणि दोघी वाचल्या, यावर मात्र दोन्ही गावांचे एकमत आहे. मुलीचे नाव काय ठेवले, यावर नाही.

लाल कुणाचा बरोबर, हा वाद पुढे विहिणींत कधीच मिटला नाही. अखेर त्यांनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली म्हणे, की यापुढे एकाही अंगड्याला एकच रंग द्यायचा नाही. म्हणजे रंगावर कुणी विसंबणार नाही. वाटेच्या धोंड्यांवर सुलट बाजू बाहेर, कड्याच्या धोंड्यांवर उलट. डोळ्यांना काही विचारायचे नाही, हातांना विचारायचे.

इस्पितळ पुढे बंद पडले. त्या जागी छोटा दवाखाना झाला, आणि अलीकडे त्यालाही कुलूप लागले. अर्ज केले. मीच लिहिले होते, चांगल्या भाषेत, म्हणून काही उपयोग झाला नसावा. मग दोन्ही गावच्या बायकांनी दवाखान्याच्या अख्ख्या फाटकाला अंगडे विणून घातले. खांब, गज, कुलूप, सगळे सात रंगांत, आणि सगळीकडे दाण्यांची उलट बाजू बाहेर. बघायला आलेल्या साहेबांनी त्यावरून हात फिरवला आणि फार सुंदर आहे म्हणाले. बायकांनी त्यांना या सड्यावर आणले, कड्याच्या धोंड्याला हात लावायला सांगितला आणि खाली बघायला सांगितले. दवाखान्यात आता नर्स असते. फाटकावर सुलट अंगडे आहे. जाताना हात लावून बघा.

आजही श्रावणात धुके उतरले की दांडवाडीच्या बायका सड्याच्या टोकाला उभ्या राहतात आणि खालून येणाऱ्यांच्या नावाने भांडायला लागतात. सुरुवात नेहमी पुरणपोळीपासून होते. नवे पाहुणे बिचकतात, भांडणापासून लांब जावे म्हणून दुसरीकडे वळू बघतात. मी तसे करत नाही. माझी बोटे आता बधिर झाली आहेत. उलट-सुलट मला हाताने नीट कळत नाही, आणि रंगांकडे पाहून अजूनही मनात गोंधळ होतो. मी उभा राहतो आणि ऐकतो. तुम्हीही तेच करा. कुणी तुमच्या आईने दिलेल्या लुगड्याला नावे ठेवत असेल, तर वाट तिकडेच आहे.