बेहड्याची ढोली

झाडं वनदेवीशी बोलत, त्या काळची गोष्ट. देवराईतल्या जुन्या बेहड्याला आपल्या खोडातल्या ढोलीची फार लाज वाटे. दरवर्षी धनेशाची मादी त्या ढोलीत बसून ढोलीचं तोंड आतून लिंपून घेई आणि पिल्लं वाढवी. तरी बेहड्याने हट्ट धरला, "आई, एवढं भोक बुजव."

देवीने पुष्कळ समजावलं आणि शेवटी बुजवलं.

माघात धनेशाची जोडी आली. नराने गुळगुळीत खोडावर चोच आपटून पाहिली. मादी म्हणाली, "चला, इथलं घर गेलं."

बेहडा कळवळला. "आई, ढोली परत दे!"

"बाळा, मला बुजवता येतं, कोरता येत नाही. ती ढोली पावसाने शंभर वर्षं कोरली होती."

अजूनही माघात डोक्यावर पंखांचा आवाज आला, की बेहडा फांदीही हलू देत नाही. आवाज मात्र पुढे निघून जातो.