घडी न मोडलेली पैठणी

कपड्यांना वाचा होती त्या काळी येवल्यात एक कोरी पैठणी लाकडी पेटीत राहायची. खोटं वाटत असेल तर जुन्या पेटीला कान लावून पाहा. एका मऊ सुती फडक्यात ती गुंडाळलेली असे.

नवं लुगडं आधी दुसरीनं नेसावं ही रीत, म्हणून मालकीण रखमाक्का नणंदेला म्हणाली, "वन्सं, उद्या लग्नात हिची घडी तुम्हीच मोडा."

पैठणी घाबरली. "आमटीचा डाग पडला तर?"

"पडतो कधीकधी," फडकं म्हणालं. "पण वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलीस, तर घडीवरच चिरशील, बाई."

पैठणीनं आतून पदरानं झाकण असं धरलं की दोघींना उघडेना. वन्सं इरकली नेसून लग्नाला गेल्या.

बारा वर्षांनी पदरातला जोर सरला आणि झाकण उघडलं. पैठणी घडीघडीवर चिरली होती. अक्कानं डोळे पुसले. वन्संनी धड उरलेल्या पदराची अक्काच्या नातवाला कुंची शिवली.

पहिल्याच दिवशी बाळ तिच्यावर दूध ओकलं. बाळाखाली दुपटं होऊन पडलेल्या फडक्यानं विचारलं, "डाग पडला का गं?"

"पडला," कुंची म्हणाली. "हळू बोल, आत्ताच झोपलाय."