टळलेला मुहूर्त आणि सोन्याचं घड्याळ

घड्याळं बोलत असत आणि माणसं ऐकत नसत, त्या काळची गोष्ट. लग्नाचा मुहूर्त टळून गेल्यावर कारखान्याचे चेअरमन गुलाबराव मंगल कार्यालयात शिरले. मनगटावर सोन्याचं घड्याळ.

"मला सेकंदाचा दहावा भागसुद्धा मोजता येतो," ते भिंतीवरच्या घड्याळाला म्हणालं.

"मग उशीर झाल्याचं यांना सांगितलं नाहीस?"

"ते कुठे माझ्याकडे बघतात? मला लोकांनी बघायचं असतं."

तेवढ्यात वधूपिता लगबगीने स्टुलावर चढले आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मागे, थेट मुहूर्तावर आणून ठेवले. भटजींनी वर पाहिलं आणि खुशाल मंगलाष्टकं सुरू केली.

अक्षता टाकताना गुलाबरावांची नजर पहिल्यांदाच मनगटावर गेली, मग भिंतीवर.

"हे लेकाचं पुढे पळतंय," ते म्हणाले. "उद्याच दुरुस्तीला टाकतो."